ऑतर मंजूर

फिल्म क्लबाला प्रोजेक्टर भाड्याचा चालतो, हॉल शाळेचा चालतो आणि अध्यक्ष तर आला नाही तरच कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. अप्पा मात्र लागतात. ते पुण्यात आहेत, दादरला आहेत, कोल्हापूर-नाशकात आहेत, आणि नोव्हेंबरात पणजीला मांडवीच्या काठाने गळ्यात चित्रपट महोत्सवाचा पास अडकवून फिरतानाही दिसतात. नाव वेगळं, झब्ब्याचा रंग वेगळा, माणूस तोच. चित्रपट संपतो, दिवे लागतात, सूत्रसंचालक ‘कुणाला काही विचारायचंय का’ म्हणायला तोंड उघडतो, तोच दुसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून एक हात वर जातो. तो हात दिसला की जुने सभासद पार्किंगकडे निघतात. नव्यांना वाटतं, आता प्रश्न येणार. येतो तो निकाल.

“मला एवढंच म्हणायचंय,” अप्पा सुरुवात करतात, आणि त्यांचं ‘एवढंच’ संपेस्तोवर बाहेर समोसे गार होतात. “मला एवढंच म्हणायचंय, की हा नुसता दिग्दर्शक नाही. हा ऑतर आहे!”

किंवा नाही. दोहोंपैकी एक. अधलंमधलं अप्पांच्या दप्तरात बसत नाही.

ज्यांचा कुठल्याही फिल्म क्लबाशी संबंध आला नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो: सिनेमा शंभर जण मिळून करतात, पण काही दिग्दर्शक असे असतात की त्यांच्या प्रत्येक सिनेमावर त्यांचीच सही दिसते. पुस्तकाला लेखक तसा सिनेमाला हा. त्याला फ्रेंच लोक ‘ऑतर’ म्हणतात आणि अप्पाही म्हणतात. फ्रेंच लोक पुढे वादही घालतात. अप्पांना वाद मान्य नाही. त्यांचा निकष एका वाक्याचा आहे: ज्याने सामाजिक प्रश्नावर उपरोधिक सिनेमा केला, तो ऑतर. प्रश्न जितका मोठा तितका ऑतर मोठा.

हा निकष कुठून आला हे समजायला अप्पांची नोकरी माहीत हवी. ते एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. निवृत्त होताना शाल-श्रीफळाबरोबर जुन्या दप्तरातली एक कोरी खतावणी घरी घेऊन आले. लांबडी, तांबड्या पाठीची, रकाने छापलेली. पहिला रकाना अर्जदाराचा, त्यात अप्पा दिग्दर्शकाचं नाव लिहितात. दुसरा प्रयोजनाचा, त्यात चित्रपटाचं नाव. तिसरा तारणाचा. तिथे सामाजिक प्रश्न. चौथा जामीनदाराचा, तिथे महोत्सव. शेवटी शेरा. मी ती वही पाहिली आहे. ‘सामना’, १९७५, जब्बार पटेल. तारण: साखर कारखानदारी व सत्ता. जामीनदार: बर्लिन. शेरा: मंजूर. ‘कोर्ट’, २०१४, चैतन्य ताम्हाणे. तारण: न्यायव्यवस्था. जामीनदार: व्हेनिस. मंजूर. ‘देऊळ’, २०११, उमेश कुलकर्णी. तारण: श्रद्धेचा बाजार. जामीनदार: केंद्र सरकार, कारण त्या वर्षीचं सुवर्णकमळ. मंजूर, खाली दुहेरी रेघ.

आणि मग त्याच उमेश कुलकर्णींचा दोन वर्षं आधीचा ‘विहीर’. तारणाच्या रकान्यात आधी लिहिलेलं दिसतं ‘पाणीटंचाई’, पुढे प्रश्नचिन्ह. नंतर ते खोडलंय. अप्पा नाव वाचून टँकरची वाट बघत बसले असणार. पडद्यावर निघाली दोन जिवलग भावंडं, त्यातल्या एकाचं जाणं आणि दुसऱ्याचं त्याला शोधत राहणं. समाजाचा एकही प्रश्न नाही. शेरा: ‘तारण अपुरे. नामंजूर.’ म्हणजे एकच माणूस २००९ साली ऑतर नव्हता आणि २०११ साली झाला. मधल्या काळात त्याने काय केलं, तर देवळाचा विषय घेतला.

अप्पांना हे सांगून उपयोग नसतो. “कर्ज खात्यागणिक असतं, माणसागणिक नाही,” म्हणतात.

सिनेमा बघताना अप्पा हसत नाहीत. उपरोधिक सिनेमात तर मुळीच नाही. “उपरोध ही गंभीर गोष्ट आहे,” असं एकदा त्यांनी मागच्या रांगेतल्या मुलांना सुनावलं होतं. तेव्हा चालू होता ‘जाने भी दो यारो’, आणि त्यातही महाभारताचा प्रवेश. द्रौपदीच्या लुगड्यात कमिशनर डिमेलोचं प्रेत, दुर्योधनापासून भीमापर्यंत सगळे त्या प्रेतावर हक्क सांगताहेत, मध्येच अकबर येऊन पोचलाय, धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतोय की काय चाललंय. अख्खा हॉल खुर्च्यांवरून घसरत होता. आणि दुसऱ्या रांगेत पेनाला लावलेला छोटा दिवा पेटलेला. मी वाकून बघितलं. अप्पा लिहीत होते: ‘पौराणिक मिथकाची मोडतोड. सत्तेच्या अंधत्वावर भाष्य. बांधकाम क्षेत्रातील भ्रष्टाचार.’ मग दिवा विझला. दोन मिनिटांनी परत पेटला. ‘पूल पडणे’ हे राहिलं होतं.

त्यांच्या हातून निसटतं ते असं. ‘फँड्री’ची नोंद बघा. ‘नागराज मंजुळे, २०१३, तारण: जात, मंजूर.’ एवढंच. अर्ज आला, तारण भक्कम, सही झाली. पण त्या सिनेमात एक जागा आहे. कैकाडी कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळेतली पोरं खिदळताहेत, डुक्कर हाती लागायच्या बेतात आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर उभं राहत नाही. त्याला देश नाही. आणखी एक जागा: डुक्कर बांबूला लटकवून ती माणसं शाळेच्या भिंतीसमोरून चाललीत आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा रंगवलेले. कुणी काही बोलत नाही, कॅमेराही भाषण करत नाही, फक्त ती भिंत चौकटीत राहू देतो. जात हा विषय गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, सभेत बोलायला वक्ते पैशाला पासरी मिळतात. ती भिंत मात्र एकाच माणसाला दिसली. ऑतर शोधायचाच असेल तर तो तिथे आहे. अप्पांच्या वहीत भिंतीचा रकाना नाही.

‘कोर्ट’चंही तेच. न्यायव्यवस्थेवर ओरडणारे सिनेमे हिंदीत ढिगाने निघतात, तारखांवर तारखा पडतात, टेबलं बडवली जातात. ताम्हाण्यांचा न्यायाधीश काय करतो, तर बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईचा खटलाच त्या दिवशी ऐकत नाही. शांतपणे. नियम आहे. पुढची केस. कॅमेरा हॉलच्या मागच्या बाजूला, आपण जणू बाकावर आपल्या नंबराची वाट बघतोय अशा अंतरावर. त्या अंतरातच सगळा उपरोध आहे. तो प्रश्नात असता तर वकिलांच्या कुठल्याही संघटनेच्या ठरावातही असता.

असो. अप्पांचा खरा रंग उधळतो तो दिग्दर्शक समोर असला की.

मध्यंतरी एका तरुण मुलाचा पहिला चित्रपट क्लबात दाखवला. दुष्काळी गाव, मंत्र्याच्या दौऱ्यापुरता येणारा टँकर, फोटो काढून झाले की टँकर परत. लोक हसले, शेवटी गप्प झाले, टाळ्या वाजल्या. अप्पांचा हात वर गेला. “मला एवढंच म्हणायचंय. पाण्याच्या राजकारणावर इतकं जळजळीत भाष्य गेल्या दहा वर्षांत मराठीत आलं नाही. तो टँकर म्हणजे आपल्या लोकशाहीचं रिकामं पोट आहे. ज्याला टँकरमधून लोकशाही दाखवता येते, तो ऑतरच.”

मुलगा लाजला. म्हणाला, “सर, खरं सांगू का, लिहिलेली बैलगाडी होती. बैलवाला आदल्या रात्री जास्त पैसे मागायला लागला. टँकर सरपंचांचा होता, फुकट मिळाला.”

अप्पा जराही विचलित झाले नाहीत. “कलाकृतीला कलावंतापेक्षा जास्त कळत असतं,” म्हणाले. खाली बसले, दिवा पेटवला आणि मंजूर लिहिलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून दाढीवाला एक जण उठला. “फोटो काढून झाले की टँकर परत, ही कल्पना माझी आहे. मी लेखक आहे या सिनेमाचा.” आवाजात कडवटपणा नव्हता, पोस्टरवर नाव बारीक छापलेल्या माणसाचा असतो तसा सराव होता. अप्पांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू कर्जदाराच्या मालमत्तेवर आयत्या वेळी चुलतभावाने हक्क सांगितलाय.

हा दाढीवाला पुरेसा बोलला नाही, म्हणून मी बोलतो. आपल्याकडच्या उपरोधाचा सातबारा काढला, तर त्यावर बहुतेक वेळा लेखकाचं नाव निघतं. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ घ्या. हंस पिक्चर्सचा, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला, औदुंबराची भूमिकाही त्यांचीच. आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेऊन जोर-बैठका काढणाऱ्या तरुणाची अशी टर त्याआधी कुणी उडवली नव्हती, आणि मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्यावर व्रताचं काय होतं हे सगळ्या महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. पण ती टर लिहिली कुणी? आचार्य अत्र्यांनी. मग ऑतर कोण? ‘सामना’त मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचा माग सोडत नाही आणि हिंदुराव पाटलाच्या पाहुणचारात तोच एक प्रश्न पुन्हा पुन्हा वर काढतो, हे विजय तेंडुलकरांचं. ‘सिंहासन’ला, १९७९ साली, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, त्यावर तेंडुलकरांची पटकथा आणि मग जब्बार पटेल. ‘देऊळ’ लिहिला गिरीश कुलकर्णींनी आणि त्यातला नायक केशाही तेच झाले.

ही यादी अप्पांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, “संयुक्त खातं.”

“पण पहिलं नाव कुणाचं?”

“व्यवहार जो करतो त्याचं.”

आणि मला कबूल करायला हवं, की या उत्तरात अप्पांच्या नकळत थोडं तथ्य आहे. तेंडुलकरांनी प्रश्न लिहिला. तो प्रश्न कानावर पडताना हिंदुराव झालेल्या निळू फुल्यांच्या चेहऱ्यावर काय हललं, आणि त्या चेहऱ्यापाशी किती वेळ थांबायचं, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते ठरवणारा दिग्दर्शक. पण ही बाब चेहऱ्याची आणि थांबण्याची झाली. साखर कारखान्याची नाही. तारण पुन्हा कोरंच.

आता काकू. अप्पांच्या पत्नी. क्लबाच्या सभासद नाहीत, वर्गणी देत नाहीत, आणि म्हणून चित्रपटाबद्दल स्पष्ट बोलतात. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर टीव्हीवर दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ लागलेला. काकू मटार सोलत होत्या, अप्पा पेपरमागे.

“बंद कर ते,” पेपर म्हणाला.

“का बरं? लाच खाणारा हवालदार आहे, स्मगलर आहेत, पोलिसांची टिंगल आहे. तुमच्या वहीत बसतो की.”

“त्याला अभिरुची नाही.”

“वहीत अभिरुचीचा रकाना कुठाय?”

पेपर खाली आला. मी मटार सोलायला घेतले. अशा वेळी हाताला काम असलेलं बरं.

“तुमचं ते ऑतर म्हणजे सही ओळखू येणं ना?” काकू म्हणाल्या. “मग या माणसाची आहे तशी सही दुसऱ्या कुणाची दाखवा. ती लोंबणारी नाडी, ते तोंडाचा आ करून बघणं, ती रत्नमालाबाईंची आये, त्या उषा चव्हाण, वरून भोळसट आणि आतून सगळ्यांना पुरून उरणारा गडी. आवाज बंद करून पाच मिनिटं बघा, शेजारचं पोरगंसुद्धा सांगेल, दादांचा सिनेमा.”

“आवाज बंद केला तर सेन्सॉरचीही हरकत राहणार नाही,” अप्पा म्हणाले. हा त्यांचा मी ऐकलेला एकमेव विनोद.

काकूंचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले म्हणून दादा कोंडक्यांची गिनीज बुकात नोंद आहे, पण ते बाजूला ठेवू. गर्दीने कुणी ऑतर होत नाही. १९७१ चा ‘सोंगाड्या’ दिग्दर्शित केला गोविंद कुलकर्णींनी, लिहिला वसंत सबनिसांनी, आणि आजतागायत त्याला कुणी दादांशिवाय दुसऱ्याचा म्हटलेलं नाही. स्वतः दिग्दर्शनात उतरले ते १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून, आणि प्रेक्षकाला फरक जाणवला नाही, इतकी सही आधीच पक्की होती. माझं मत विचाराल तर सही आहे, ठसठशीत आहे, पण पुढे पुढे तीच सही कोऱ्या चेकवर येत राहिली. ते वेगळं. अप्पांच्या निकषाने पाहिलं तर दादा पहिल्या फटक्यात मंजूर व्हायला हवेत, आणि अप्पा ते करणार नाहीत, कारण महोत्सवातल्या पाहुण्यांसमोर ते नाव कसं घ्यायचं? म्हणजे निकष सामाजिक प्रश्नाचा नव्हताच. चारचौघांत सांगता येईल अशा सामाजिक प्रश्नाचा होता.

अप्पांना जमिनीवर आणलं ते एका मुलीने. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करायला आलेली, वय विशीचं, पाठीवर सॅक. क्लबाची सभा अप्पांच्या घरी होती. विषय: पुढच्या वर्षी ‘सामाजिक उपरोधाचे ऑतर’ असा महोत्सव भरवावा का. अप्पांनी प्रास्ताविकात ऑतरवरचा लेख लिहिणाऱ्या फ्रेंच त्रुफोचं नाव घेतलं. ते त्याला ‘त्रुफॉ’ म्हणतात आणि शेवटचा स्वर नाकात ठेवतात.

“अप्पा, तो लेख मी परवाच वाचला,” मुलगी म्हणाली. “जानेवारी १९५४, ‘काय्ये द्यू सिनेमा’ मासिकातला. एकवीस वर्षांचा होता तो तेव्हा.”

“अगदी. तिथूनच सगळं सुरू झालं,” अप्पा प्रसन्न झाले.

“पण तो तर बरोब्बर तुमच्याच विरुद्ध आहे.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. मुलीने शांतपणे सांगितलं, आणि जे सांगितलं ते खरं आहे. त्रुफोच्या त्या लेखाचं लक्ष्य होतं ओराँश आणि बॉस्त ही पटकथाकारांची जोडी. फ्रान्समध्ये तेव्हा त्यांचा दबदबा. नावाजलेल्या कादंबऱ्या घ्यायच्या, त्यात चर्चची चेष्टा, लष्कराची चेष्टा, सुखवस्तू वर्गाची चेष्टा घालायची. दिग्दर्शकाने त्यावर सुबक चित्रं चढवायची. समीक्षकांनी ‘दर्जेदार’ म्हणायचं. त्रुफोचा राग यावरच होता. सुखवस्तूंनी सुखवस्तूंसाठी केलेल्या सुखवस्तूंच्या टिंगलीला किंमत ती काय, असा त्याचा सूर. आणि त्याच्या मासिकातली ती पोरंटोरं कुणाला डोक्यावर घेऊन नाचली? हिचकॉकला, हॉवर्ड हॉक्सला. एक खून दाखवणारा, दुसरा काउबॉय दाखवणारा. तारण शून्य. पुढे १९६२ साली अमेरिकेत अँड्र्यू सॅरिसने या विचाराला आकार दिला तेव्हा त्याने तीन वर्तुळं सांगितली: तंत्रावरची हुकमत, व्यक्तिमत्त्वाची छाप आणि आतला अर्थ. पुढच्याच वर्षी पॉलीन केलने त्या वर्तुळांची यथेच्छ खिल्ली उडवली, पण विषयाचं चौथं वर्तुळ काढावं असं तिलाही सुचलं नाही.

“म्हणजे उपरोध करणारा ऑतर नसतोच म्हणा की,” खजिनदार म्हणाले. त्यांना महोत्सवाचा खर्च वाचवायचा होता.

“तसं नाही काका. त्रुफोने आपल्या आवडत्यांत झाक तातीचंही नाव घेतलंय.” आणि तिने तातीच्या ‘मोनॉन्क्ल’ या १९५८ च्या सिनेमातली गोष्ट सांगितली. एक नवश्रीमंत कुटुंब, यंत्रांनी भरलेलं चकाचक घर, बागेत माशाच्या आकाराचं कारंजं. दाराची घंटी वाजली की बाई आधी धावत जाऊन कारंजं सुरू करणार, मग दार उघडणार. पाहुणा मातब्बर नसला, नुसता भाऊ किंवा सामान आणून देणारा असला, की कारंजं बंद. मासा आपला पाणी ओकतोय, मध्येच थांबतोय. संवाद जवळजवळ नाहीत. चंगळवादावर एक वाक्य नाही. हे सुचायला ताती लागतो.

याच क्षणी काकू चहा घेऊन आल्या. आम्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत. बोलावलेला दिग्दर्शक, तोच तो टँकरवाला मुलगा, त्याच्यापुढे मात्र फुलाफुलांचा कप आणि खाली बशी. कपाटातला तो संच बाहेर निघायचा तर पाहुणा मंजूर झालेला असावा लागतो, असा अप्पांचा दंडक आहे. मुलीने एकदा कपाकडे पाहिलं, एकदा पेल्याकडे, आणि हसू दाबायला खिडकीबाहेर बघायला लागली. टँकरवाल्याने कप उचलून शेजारी बसलेल्या आपल्या दाढीवाल्या लेखकापुढे ठेवला आणि स्वतः पेला घेतला. मला वाटतं तो पुढे चांगला दिग्दर्शक होईल.

अप्पांना यातलं काही दिसलं नाही. ते वही उघडून बसले होते. “मग शोधायचं कसं?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत मी अप्पांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला खरा प्रश्न.

मुलीने कुंदन शाहांचं उदाहरण दिलं, आणि मला ते इतकं पटलं की तेव्हापासून माझंच म्हणून सांगत असतो. त्यांचा १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ म्हणजे भ्रष्टाचारावरचा उपरोध, हे सगळे जाणतात. त्याचे संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे, त्यामुळे खातं तिथेही संयुक्त. पण त्यानंतर दहाएक वर्षांनी, १९९४ साली आलेला त्यांचाच ‘कभी हाँ कभी ना’ बघा. गोव्यातली पोरं, बँड, प्रेम. समाजाचा प्रश्न औषधालाही नाही. नायक परीक्षेत नापास, खोटारडा, आणि आवडती मुलगी अखेर दुसऱ्याची होते. हिंदी सिनेमात शाहरुख खानला असं हरवून ठेवायची छाती कुणाची? ज्याने आधीच्या सिनेमात दोन सरळमार्गी फोटोग्राफरांना खुन्यांच्या वाट्याच्या कैदेत धाडलं आणि कैद्यांच्या कपड्यांत भर रस्त्यावर आणून उभं केलं, त्याची. हरणाऱ्यावर माया करणारी आणि तरी त्याला जिंकू न देणारी ही नजर दोन्हींकडे एकच आहे. पहिल्या सिनेमात भ्रष्टाचाराच्या गलक्यात ती लपली होती. प्रश्न काढून घेतल्यावर उघडी पडली. तेव्हा एखाद्या उपरोधवाल्याची पारख करायची असेल, तर त्याचा बिनप्रश्नाचा सिनेमा बघावा. तिथेही तोच भेटला, तर आधीचाही त्याचाच होता. तिथे कुणीच भेटलं नाही, तर आधी आपल्याला भेटला होता तो प्रश्न.

अप्पांनी हे सगळं लिहून घेतलं. मग मागची पानं चाळत ‘विहीर’पाशी आले. बराच वेळ त्या खोडलेल्या पाणीटंचाईकडे बघत होते. शेरा बदलला नाही. बँकेतला माणूस शेरा खोडत नसतो. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं: ‘फेरतपासणीस घ्यावे.’

महोत्सवाचं नाव आता नुसतं ‘सहा दिग्दर्शक, बारा चित्रपट’ असं ठरलंय. प्रत्येकाचा एक प्रश्नवाला, एक बिनप्रश्नाचा. दादांना घ्यावं की नाही यावर मतदान व्हायचंय. काकूंना मताचा अधिकार नाही, पण सभा त्यांच्या घरात असते, तेव्हा दादा येतील असा माझा अंदाज. टँकरवाल्याला मात्र थांबावं लागणार; त्याचा दुसरा सिनेमा अजून व्हायचाय. ऐकतोय की तो लेखकाबरोबर एक प्रेमकथा करतोय आणि त्यात पाणी भरपूर आहे.

क्लबाला सध्या ‘कभी हाँ कभी ना’ची चांगली डीव्हीडी हवी आहे. वाचकांपैकी कुणाकडे असेल तर जरूर द्यावी. मात्र काकूंकडे द्यावी, अप्पांकडे देऊ नये. माझी ‘विहीर’ फेरतपासणीसाठी नेलेली आहे, ती अजून आलेली नाही.